रविवारचं आडनाव

मी एक आडनाव बोलतोय. रोझारियो. नीट वाचा, घाई करू नका. झ आहे तो, ज नाही. त्या एका अक्षरावरून चांदूर बाजार गावात मोठा तमाशा झाला, आणि तोच मला सांगायचा आहे.

आडनावाला हात-पाय नसतात. लोकांच्या तोंडात आणि शाळा-देवळांच्या वह्यांत आमचा मुक्काम. त्यामुळे माणूस घरात काय बोलतो आणि चारचौघांत काय, दोन्ही आम्हाला ऐकू येतं. म्हणून थोरामोठ्यांना चुचकारून बोलणं मला जमत नाही. ज्यांना राग येईल त्यांनी खुशाल यावा.

माझा जन्म गोव्याचा. मेरीमातेच्या जपमाळेवरून, म्हणजे रोझरीवरून, मी झालो. दहा-दहा मण्यांचे पाच गट, आणि प्रत्येक मण्याला एक प्रार्थना. माळेच्या सणाच्या दिवशी एका पाद्रीबाबाने ओळीत उभ्या असलेल्या तीस-चाळीस माणसांच्या डोक्यावर बाप्तिस्म्याचं पाणी घातलं आणि सगळ्यांना मीच दिला. भक्तीने दिला असं सगळे सांगतात. मला विचाराल तर थोडी भक्ती आणि थोडा आळस. प्रत्येकाला वेगळं आडनाव शोधत बसायचा त्याला कंटाळा आला असणार. पण त्या ओळीत एक म्हातारी होती. तिने मला दोन्ही हातांत झेलल्यासारखं घेतलं. तिच्यामुळे मी अजून ताठ आहे.

वऱ्हाड मध्यप्रांताच्या कारभारात आला, त्याच सुमाराला मी अकोल्यात उतरलो. कायतान रोझारियो नावाचा फिटर मला घेऊन आला होता. कापसातली सरकी काढणाऱ्या जिनात इंजिन सांभाळायचा आणि संध्याकाळी हाताचं तेल पुसून तिथेच माळ जपायचा. जिनाच्या हजेरीवर हरिहरपंत कारकून होते. त्यांनी चष्म्यावरून बघत विचारलं, "रोझारियो? आडनावाला गाव पाहिजे हो. कुठलं हे रोजार?" उत्तराची वाटही न बघता त्यांनी लिहून टाकलं, रोजारे. झालं माझं बारसं दुसऱ्यांदा. आपल्याकडे आडनाव म्हटलं की त्याच्यामागे एक गाव असलंच पाहिजे, नसलं तर ते वसवतात. कायतानने हसून सोडून दिलं. तिथेच चुकला.

मग प्लेग आला. जिनात तिवश्याचा एक कुणब्याचा जवान होता, सूर्यभान. त्याला गाठ आली. शेताच्या कडेला झोपडीत त्याला टाकला होता. सख्खे भाऊ आले, बांधावरूनच बघितलं आणि बांधावरूनच परतले. कायतान मात्र तीन दिवस त्याच्या उशाशी बसला. एका हाताने पाणी पाजायचा, दुसऱ्या हाताने मणी सरकवायचा. सूर्यभान उठून बसला तेव्हा पहिलं काय बोलला, ते मी स्वतः ऐकलं आहे. "मिस्त्री, मले तुमचं आडनाव द्या."

कुणी त्याला मागायला सांगितलं नव्हतं. त्याने मला मागून घेतलं. पाद्रीबाबाने पाणी घातलं, कायतान धर्मबाप झाला, आणि सूर्यभान रोझारियो झाला. नंतर कायतान आणखी दहाजणांचा धर्मबाप झाला. बाकीची आडनावं पोरांच्या जिवावर वाढतात. कायतानला तर मूलबाळच नव्हतं. मी मागणाऱ्यांच्या जिवावर वाढलो. अकोला, बडनेरा, अमरावती. माझ्या घरांत रक्ताचं नातं शोधाल तर फसाल.

आता सूर्यभानबद्दल. मरणाला न घाबरलेला हा माणूस खोली भाड्याने घेताना घाबरला. लग्न करून तो पार्वताबाईसह चांदूर बाजारच्या जिनात आला. घरमालकाने आडनाव विचारलं. किरिस्तावाला खोली मिळणार नाही या धास्तीने सूर्यभानला हरिहरपंतांचं अक्षर आठवलं. म्हणाला, "रोजारे." "कोठचे?" "आकोटाकडचं रोजार." खोली मिळाली. आणि तीस वर्षं ते गाव आकोटाकडे उभं राहिलं, एकही घर नसलेलं. महिन्यातल्या पहिल्या रविवारी हे जोडपं अमरावतीच्या चर्चमध्ये जायचं. तिथे मी रोझारियो. सोमवारी मोटारीतून उतरलं की पुन्हा रोजारे. लुगडं घडी करून पेटीत ठेवावं तसा मी महिनाभर पेटीत. वर पार्वताबाई मुलीला शिकवायची, "कोणी इचारलं तं गप राहायचं."

मुलगी गप राहणारी नव्हती. तिचं नाव वच्छला. सातवी, म्हणजे व्हर्नाक्युलर फायनल, ती पास झाली. अकोल्यात चर्चच्या सिस्टर लोकांच्या शाळेत तिला मास्तरीण व्हायचं होतं. तिकडून पत्र आलं: सोमवारी या, बाप्तिस्म्याचा कागद आणि शाळेचा दाखला आणा, दोन्हींवर नाव एकच पाहिजे. बाप्तिस्म्याच्या कागदावर मी. दाखल्यावर रोजारे.

आणि सूर्यभानने काय केलं? पत्र खिशात घातलं आणि त्याच शुक्रवारी तिला बघायला पाहुणे बोलावले! लांबच्या गावचे पंजाबराव. काळी जमीन, दोन विहिरी, मुलगा एकुलता. सोबत त्यांचा मेहुणा सहदेव, खास आकोटाचा. पोहे खाऊन झाले आणि पंजाबरावांनी मिशीला हात लावला.

"रोजारे म्हंजे मूळचे कोठचे तुमी?"

"आकोटाकडचं रोजार," सूर्यभान म्हणाला.

"काहून बा सहदेवा, रोजार कुठीसा पडते?"

सहदेव विचारात पडला. "रोजार? बाप्पा, उभा जन्म आकोटात गेला माहा. आयकलंच नाई. पुरात वाहून गेलं का काय?"

"हो," सूर्यभान घाईने म्हणाला, "वाहूनच गेलं."

"देवळासकट?"

"देवळासकट."

पंजाबराव हसले. मग सोयरिकीच्या बैठकीत विचारतातच ते त्यांनी विचारलं. "बरं, देवक कोणतं तुमचं?"

कुणाचं देवक पंचपल्लव, कुणाचं कळंब. एकच देवक निघालं तर लग्न होत नाही. सूर्यभानचं जुनं देवक बाप्तिस्म्यात सुटलं होतं; गाव त्याने बनवलं होतं, देवक बनवायला विसरला होता. दाराआड पार्वताबाईच्या बांगड्यांचा आवाज थांबला.

चहा घेऊन आलेली वच्छला म्हणाली, "माळ, काकाजी."

"माळ? कायची माळ? फुलायची?"

"मण्यायची." तिने कमरेला खोचून लपवलेली जपमाळ काढून पुढे धरली. खाली क्रूस लोंबत होता. "आमचं आडनाव रोझारियो हाय. आमी किरिस्ताव हाओ. रोजार नावाचं गाव वाहून गेलं नाई, ते कधी नव्हतंच. ते फक्त बाबाच्या भेवात हाय."

पंजाबराव उठले. अंगणात गेले आणि खळखळून चूळ भरली. पोहे पोटात गेलेच होते, तोंड तेवढं शुद्ध झालं. सहदेव जाताना मात्र म्हणाला, "पोट्टी मोठी तिखट हाय बाप्पा!" आणि त्याच्या आवाजात थोडं कौतुक होतं, हे मी नाकारणार नाही.

ते गेल्यावर सूर्यभानने हात उगारला. "तोंड काळं केलं माहं!"

"मारा," वच्छला म्हणाली. "पण आंधी सांगा. हे आडनाव तुमी मागून आनलं का चोरून?"

"मागून."

"मंग लपवून काहून राहिले? कायतान आजा तीन दिवस तुमच्या उशाशी बसला, तवा तुमी कोण्या गावचे म्हनून इचारलं होतं का त्यानं?"

हात खाली आला. त्या रात्री तो जेवला नाही. मला त्याची दया आली नाही. तीस वर्षं मी पेटीत काढली होती.

शनिवारी वच्छला दाखला दुरुस्त करून घ्यायला एकटीच आपल्या जुन्या शाळेत गेली. हेडमास्तर मोरोपंत म्हणाले, "वडिलांचा अर्ज आणि सही लागेल. आणि मी म्हणतो, सरळ 'रोजारे उर्फ रोझारियो' लिहू. कुणाला दुखवायला नको."

"उर्फ चोराले लागते, गुरुजी," वच्छला म्हणाली.

मोरोपंतांनी टाक खाली ठेवला. नेमका तेव्हा सूर्यभान दारात उभा होता. कामाचेच कपडे, तेलाचे डाग तसेच. आत आला, मुलीकडे बघितलं नाही. मोरोपंतांनी अर्ज लिहून पुढे सरकवला. "इथे सही. पूर्ण नाव."

त्याने लिहिलं, सूर्यभान. मग लिहिलं, रो.

दोन्ही नावांचा रो एकच. इथपर्यंत माणूस कोणीही असू शकतो. टाक तिथेच थांबला. शाईचा थेंब टोकाशी जमला. बाहेर मुलं पाढे म्हणत होती आणि आत माझा जीव त्या टोकावर टांगला होता. पुढे ज आला असता तर मी वऱ्हाडातल्या त्या घरातून कायमचा गेलो असतो.

सूर्यभानचे ओठ हलले. मण्यावर बोट ठेवून हलतात तसे.

आणि त्याने झ काढला. वाकडा, मोठा, ओळ सोडून खाली गेलेला. तीस वर्षं सवय नव्हती त्याच्या हाताला.

मोरोपंतांनी दाखल्यावरचं रोजारे खोडलं आणि वर मला लिहिलं. "पंजाबराव आता गावभर सांगतील," ते हळूच म्हणाले.

"सांगू द्या," सूर्यभान म्हणाला. "मले तं तोंड उघडाले तीस वर्स लागले. तेवढंच माहं काम हलकं."

घरमालकाने महिनाभरात खोली सोडायला लावली, तेही सांगतो. सूर्यभान आणि पार्वताबाई अकोल्यात आले, ज्या जिनात मी पहिल्यांदा उतरलो त्याच्या मागच्या गल्लीत. हरिहरपंत कधीच गेले. हजेरीवर आता रविकांत नावाचा तरुण कारकून आहे. त्याने विचारलं, "कसं लिहायचं?" सूर्यभानने अक्षर-अक्षर सांगितलं.

आणि मी सध्या कुठे आहे? अकोल्यातल्या सिस्टर लोकांच्या शाळेत, तिसरीच्या वर्गाच्या फळ्यावर, कोपऱ्यात. कु. वच्छला रोझारियो. रोज सकाळी खडूने लिहिला जातो. पोरी मला "रुजारबाई" करतात, तर बाई छडी टेबलावर आपटून दुरुस्त करतात. कधीकधी पोरी मुद्दाम चुकवतात. चालेल. पोरींनी खेळत चुकवलेलं आणि मोठ्यांनी भिऊन चुकवलेलं, यातला फरक मला कळतो.

तुमच्याही घरात एखादं आडनाव पेटीत घडी करून ठेवलेलं असेल. काढा ते. आम्हाला कसर लागत नाही, पण श्वास कोंडतो.

मला हाक मारायची तर पूर्ण मारा, झ सकट. आज सोमवार आहे.