शाळेच्या विहिरीचं पाणी

मी पाण्यातलं मीठ मोजणारा क्षारमापक बोलतोय. बोलतोय खरा, पण जे सांगणार आहे ते मला बरोबर आठवतंय का, याची खात्री देत नाही. आमच्या जातीला मधूनमधून ठरावीक खारटपणाच्या पाण्यात बुडवून ताळा करावा लागतो. नाहीतर आम्ही खोटं बोलू लागतो आणि आमचं आम्हालाही कळत नाही.

माझा जन्म इथलाच, अमेरिकेतला. हाताएवढी दांडी, टोकाला धातूचे ठिपके, वर आकडे दाखवणारी काच. ओहायोतल्या डब्लिनच्या गुरुनाथरावांनी मला विकत घेतलं. ते भूजलाचे प्राध्यापक आणि स्वभावानं शंकेखोर. कुलूप लावल्यावर पुन्हा पुन्हा ओढून बघणारे. माझ्यावर मात्र त्यांचा भरवसा, कारण जिभेला न कळणारा खारटपणाही मला कळतो.

"बायकोच्या जिभेपेक्षा त्या काडीवर विश्वास!" नीलांबरीबाई म्हणायच्या. "उद्या आमटीत बुडवाल."

एकदा त्यांनी बुडवलंही होतं.

मग ते मला पॅसिफिकमधल्या एका चिमुकल्या देशात घेऊन गेले. तिथलं बेट म्हणजे समुद्रावर टाकलेली दोरी. मध्यावर उभं राहिलं तरी दोन्हीकडे पाणी दिसे. डोंगर नाही, नदी नाही. तांदूळ, डिझेल, औषधं, अगदी खिळेसुद्धा बोटीनं येणार. पावसाचं पाणी जमिनीत मुरून खालच्या खाऱ्या पाण्यावर सायीसारखं तरंगायचं. गोडं पाणी काय ते तेवढंच.

शाळेच्या विहिरीवर पंप बसवायला परदेशी मदत मिळणार होती, पण विहीर एवढा उपसा सोसेल का हे आधी गुरुनाथरावांनी तपासून सांगायचं होतं. पंप आला तर वर्ग वाढणार होते, दवाखाना येणार होता. नाहीतर शाळा मोठ्या बेटावर हलणार, आणि शाळेमागोमाग मुलाबाळांची घरंही. मुख्याध्यापिका नेइमातला हे पक्कं ठाऊक होतं.

दिवसभर उपसा करून पाहिला. संध्याकाळी मला नळीखाली धरलं. माझा आकडा चढत गेला.

नेइमात ओंजळभर प्यायली. "गोड आहे, डॉक्टर! तुमचं खेळणं बिघडलंय. काल बोटीतून उतरताना आपटलं होतं ना?"

आपटलो होतो. ताळ्याच्या पाण्याची बाटलीही तेव्हाच फुटली होती. शेवटी गुरुनाथरावांनी माझं ऐकलं आणि मदत देणाऱ्यांना कळवलं, की पंप नको, साय मोडेल, खालचं खारं पाणी वर येईल. छपरांचं पाणी साठवायला टाक्या द्या. नेइमातनं नळीचं पाणी एका बाटलीत भरलं आणि बूच घट्ट लावलं.

टाक्या निम्म्याच आल्या. पुढे पाऊस रुसला. शाळा हलली.

घरी आल्यावर गुरुनाथरावांनी माझा ताळा केला. मी बरोबर होतो. पण त्या संध्याकाळी होतो का? हा किडा त्यांच्या डोक्यातून गेला नाही.

पुढे नेइमातही अमेरिकेत आली. डब्लिनपासून दोन तासांवर कोंबड्यांच्या कारखान्यात ती काम करते. मध्यंतरी ती शोधत घरी आली, तीच बाटली घेऊन.

"बेट सोडताना ही घेतली," ती म्हणाली. "मला भांडायचं नाही, डॉक्टर. सरकार पुन्हा पंपाचा विचार करतंय. तुमचं यंत्र चुकलं होतं एवढंच सांगा. मी परत जाईन, शाळा उघडेन."

"चुकलेलंच असू दे," गुरुनाथराव पुटपुटले आणि त्यांनी माझं बटण दाबलं. काच उजळलीच नाही. बॅटरीच्या खाचेत हिरवा गंज चढला होता.

"आजोबा, जस्ट बाय अ न्यू वन!" नात आन्या म्हणाली.

नवा मापक येईपर्यंत नीलांबरीबाईंनी ती बाटली देवघरात, गंगेच्या गडूशेजारी ठेवली. नवा आला, तरी गुरुनाथराव खोकं उघडेनात. नेइमातचा फोन आला की म्हणत, "बघतो, बघतो."

मी आता ड्रॉवरमध्ये असतो, चमच्यांच्या शेजारी. मला बरोबर असण्यासाठीच घडवलं. तरी तुमच्याकडे एक मागणं आहे. आमच्यासारख्यांचा आकडा पटला नाही तर जरूर पुन्हा मोजा. आम्ही चुकलेले निघालो, तर एखादं गाव वाचेल. मला त्या एका संध्याकाळपुरतं चुकायचं होतं.

शेवटी गेल्या रविवारी नेइमात आली. गुरुनाथरावांनी आधी नव्या मापकाचा ताळा केला, पुन्हा केला, मग बाटलीचं बूच काढलं. नेइमातनं बोट बुडवून जिभेला लावलं.

"गोडच लागतंय," ती म्हणाली.

नव्या मापकानं तोच आकडा दाखवला, जो त्या संध्याकाळी मी दाखवला होता.