मरुगडचा दुसरा भाग

"पहिल्याची सर नई शे याले," दीपकने रिमोट गादीवर टाकला.

आखाजीच्या सणाला माहेरी येताना दिपमालाने भावासाठी 'मरुगड'चा दुसरा भाग आणला होता. लहानपणी ज्याचा पहिला भाग खेळला, तोच व्हिडिओ गेम. चित्रं, आवाज सगळं नव्याने घासूनपुसून काढलेलं.

"काय वाईट शे रे भाऊ? उंटाचा केस न् केस दिसतो!"

"केस मोजायला खेळतात का? पहिल्यात वाळूत पाय रुतायचा. हा बर्फावरून घसरल्यासारखा पळतो."

वडील, चुडामणआबा, पुस्तक धरून बसले होते. पान मघापासून उलटलं नव्हतं. डाव्या अंगठ्याने चालवायचा खेळातला नायक एकाच भिंतीवर पुन्हा पुन्हा आपटत होता, हे त्यांनी पाहिलं होतं. जळगावच्या कारखान्यात यंत्राने दीपकचा डावा अंगठा नेला, तेव्हापासून तो धुळ्याला घरीच होता. डावा हात खिशात. मित्र आले की झोपेचं सोंग. अंगठा हा शब्द घरात कोणी उच्चारत नव्हतं.

दिपमाला अंगणात झोक्यावर जाऊन बसली. दीपकने भिंतीकडे तोंड केलं.

आबांचं आयुष्य ग्रंथालयात गेलं होतं. प्रस्तावना वाचल्याशिवाय पुस्तक सुरू करायचं नाही, ही त्यांची खोड. त्यांनी भीतभीतच रिमोट उचलला आणि खेळाच्या सेटिंगची पानं वाचत सुटले. एका ओळीवर थबकले. दोन रिमोट, एकच नायक; एकाने चालवायचं, दुसऱ्याने लढायचं. आपल्याला नीट कळलं का? पुन्हा वाचलं. कळलं होतं. पण सांगायचं कसं?

"दीपक," आबा म्हणाले. "पहिल्या भागात ही सोय नव्हती. तुला... अंगठा नाही, तर चालवायचं काम आपली माला करेल. तलवार तुझी."

स्वयंपाकघरात आईची, भागाबाईंची, रवी थांबली. आपण चुकलो, आबांना वाटलं. उगाच बोललो.

दीपक हळूच वळला. "आबा, तुम्ही सेटिंग वाचली? बठ्ठी? पानन् पान?"

"प्रस्तावनाच ती. वाचायला नको?"

दीपकला हसू फुटलं. मग त्यानेच अंगणाकडे हाक दिली, "माला, ये! जुना रिमोटबी आण!"

थोड्या वेळाने घरात नुसता आरडाओरडा.

"डावीकडे घे ना, भिंत शे ती!"

"लहानपणी मी हेच ओरडायची, तेव्हा ऐकलं का तू?"

"अय, विहीर, विहीर! घातलं ना मला पाण्यात!"

"तुला नाही, त्याला घातलं!"

भागाबाई रसाच्या वाट्या घेऊन दारातच उभ्या राहिल्या. पडत, धडपडत शेवटी नायक गडाच्या दरवाजातून आत शिरला.

"मग?" आबांनी चाचरत विचारलं. "पहिला भारी की दुसरा?"

"वाळू पहिल्याचीच भारी, आबा. याचं पुरा झाल्यावर सांगतो. माला आठ दिवस शे ना इथं."

आणि त्याने बहिणीपुढे टाळीसाठी हात केला. डावा.

दिपमालाने सणसणीत टाळी दिली. आवाज पूर्वीसारखाच झाला.