पोस्टमन आला होता

"बदलतोस का?" मी किशोरला हळूच विचारलं आणि हातातली चिठ्ठी त्याच्यापुढे धरली.

किशोरनं नाव वाचलं आणि हात खिशात घातले. "नको रे बाबा. घरी सासरे आहेत, परवाच बायपास झालीय त्यांची. भलतंच काय!"

चिठ्ठीवर लिहिलं होतं: आशा सिस्टर.

नोव्हेंबरचा शेवटचा रविवार होता, उपासना नुकतीच सुटली होती आणि चर्चच्या हॉलमध्ये चहा चालला होता. नाताळाआधीचे चार रविवार म्हणजे आमचा आगमनकाळ. पहिल्या रविवारी एक मेणबत्ती, दुसऱ्याला दोन, असं करत चौथ्याला चार. यंदा नव्या पाळकसाहेबांनी त्याला एक उपक्रम जोडला होता, 'एकटं कुणी नाही'. चर्चच्या मंडळीतल्या एकट्या राहणाऱ्या चौदा जणांच्या चिठ्ठ्या एका खोक्यात टाकल्या होत्या. चौदा कुटुंबांनी एकेक उचलायची आणि त्या माणसाला उरलेले तिन्ही रविवार घरी बोलवायचं. त्याच्या हातून मेणबत्ती लावून घ्यायची, दोन रविवार चहा द्यायचा, चौथ्याला जेवण. शिवाय फोटो काढून मंडळीच्या ग्रुपवर टाकायचा. फोटोवर पाळकसाहेबांचा फार भर होता.

किशोरला निवृत्तीमामा मिळाले होते. एसटीत ड्रायव्हर होते, सप्तशृंगीच्या घाटातले किस्से सांगून हसवतात, दोन वेळा वाढलं तर तीन वेळा जेवतात. सगळ्यांना तेच हवे होते. आशा सिस्टर कुणालाच नको होत्या, आणि का, हेही सगळ्यांना ठाऊक होतं.

सिस्टर चौतीस वर्षं नर्स होत्या. लग्न केलं नाही. आमच्या मंडळीत कुणी गेलं की पहिला फोन डॉक्टरांना, दुसरा पाळकांना आणि तिसरा सिस्टरांना. त्या एक कापडी पिशवी घेऊन यायच्या. मयताला अंघोळ घालायच्या, हनुवटीला पट्टी बांधायच्या, केस विंचरायच्या, कपडे चढवायच्या आणि पेटीत असं निजवायच्या की घरच्यांना डोळे भरून बघता यावं. माझ्या वडिलांचंही त्यांनीच केलं. सगळं उरकून बाहेर ओट्यावर बसून चहा प्यायल्या आणि गेल्या. आत या, असं त्यांना कुणी म्हटलं नाही, आणि त्यांनीही तशी वाट पाहिली नाही.

पण बाप्तिस्मा असो, साखरपुडा असो, वाढदिवस असो, बोलावण्याच्या यादीतून त्यांचं नाव नेमकं राहून जायचं. त्या दारात दिसल्या की काळजात धस्स व्हायचं. ज्या हातांनी आमचे आईबाप शेवटचे धुतले ते हात आमच्या ताटाशेजारी नकोत, इतकं ते साधं होतं. आम्ही शकुन-अपशकुन मानत नाही, असं आम्ही मोठ्या अभिमानानं सांगतो.

त्यातून माझ्या घरी आई होती, मागच्या खोलीत, अंथरुणाला खिळलेली. आठ महिन्यांपूर्वी उजवं अंग गेलं, जीभ जड झाली, पण डोकं अगदी शाबूत. शाळेत तीस वर्षं मास्तरीण होती, आमच्या चुका अजून धरायची. आई आणि सिस्टर तरुणपणी चर्चच्या गायनात शेजारी उभ्या राहायच्या. आई महिन्यातून एकदा तरी विचारायची, "आशा का येत नाही रे?" मी सांगायचो, "येतील." बोलावलं मात्र कधी नाही. माझी बायको तृप्ती म्हणायची, "त्यांना बघून आईंच्या मनाला काय वाटेल? वाटेल, आपली वेळ आली." मला ते पटायचं. खरं म्हणजे आईच्या मनाला काय वाटतं हे आम्ही आईला कधी विचारलंच नाही. भीती आमची होती आणि नाव आईचं.

मी चिठ्ठी खिशात कोंबत होतो तेवढ्यात सिस्टर समोर येऊन उभ्या राहिल्या. हातात कपांचा ट्रे. चहा त्याच वाटत होत्या.

"ज्ञानेश, माझं नाव तुझ्याकडे आलंय म्हणे."

"हो, सिस्टर. म्हणजे, आत्ताच उचलली."

"माझं नाव त्या खोक्यात कुणी घातलं कोण जाणे," त्या हसल्या. "मी एकटी आहे हे मलाच यादी वाचून कळलं. पण येईन हो. किती वाजता येऊ?"

"पाच वाजता."

"पाचला म्हणजे पाचला. मंगलला भेटून किती दिवस झाले!"

मंगल म्हणजे माझी आई. चेहऱ्यावर एवढा आनंद दिसला की मी मान फिरवली.

दुसऱ्या रविवारी पाचला पाच कमी असताना त्या आल्या. कुंभमेळ्याच्या कामासाठी आमची गल्ली खणून ठेवलेली, रिक्षा कोपऱ्यावरच थांबली होती, मातीच्या ढिगाऱ्यातून चालत आल्या होत्या. जांभळी साडी होती, घडीच्या रेघा अजून तशाच. सिस्टरांना रंगीत साडीत मी जन्मात पहिल्यांदा बघितलं. आम्ही त्यांना नेहमी पांढऱ्या सुती साडीत पाहिलेलं, त्या एकाच कामाच्या.

तृप्तीनं आईच्या खोलीचं दार आधीच लोटून घेतलं होतं. हॉलमध्ये टीव्ही लावून ठेवला होता.

"बसा ना सिस्टर, इथं बसा," तिनं दाराजवळची खुर्ची पुढे केली.

सिस्टरांनी दुसरी मेणबत्ती लावली. छोटीशी प्रार्थना केली, त्यात आमच्या तिघांची नावं घेतली. आईचं सगळ्यात आधी. मी फोटो काढला. मग त्या इकडेतिकडे बघत म्हणाल्या, "मंगलला खुर्चीवर बसवून बाहेर आणू या का? मी धरते. मला सवय आहे."

"झोपल्यात हो," तृप्ती म्हणाली. "गोळ्यांची गुंगी असते."

"मग नुसतं दारातून बघते. उठवणार नाही."

"नको, सिस्टर. जाग आली की पुन्हा झोप लागत नाही."

तेवढ्यात आतून आईचा जड आवाज आला, "ज्ञानू... कोण आलंय?"

तृप्तीनं माझ्याकडे पाहिलं. सिस्टर खुर्चीतून अर्ध्या उठल्या होत्या.

"पोस्टमन, आई!" मी ओरडून सांगितलं.

आतून आई म्हणाली, "रविवारी?"

मी टीव्हीचा आवाज वाढवला. सिस्टर पुन्हा खाली बसल्या. कप उचलला, चहा बशीत ओतला आणि सावकाश, शेवटच्या थेंबापर्यंत प्यायल्या. मला कुठे बघावं कळेना. मग त्या उठल्या, पदर सारखा केला आणि तृप्तीला म्हणाल्या, "चहा छान झाला होता हो. पोस्टमनला एवढा चांगला चहा कुणी देत नाही."

त्या गेल्यावर मी आईच्या खोलीत गेलो. आई दाराकडेच बघत होती.

"आवाज आशासारखा होता," ती म्हणाली.

"टीव्ही होता, आई."

आईनं डोळे मिटले. मास्तरीण होती, खोटं बोलणारा पोरगा तिला लांबून ओळखू यायचा. आयुष्यभर तिनं अशा पोरांना बाकावर उभं केलं. मला तिनं काहीच केलं नाही, ते मला आजही सोसत नाही.

फोटो मी ग्रुपवर टाकला. खाली एकावन्न जणांनी हात जोडले. पाळकसाहेबांनी लिहिलं, 'सुंदर साक्ष.'

तिसऱ्या रविवारी तृप्तीनं फोन करून टाकला. "सिस्टर, अहो, आज अचानक येवल्याहून पाहुणे यायचेत. आजच्याऐवजी..." पाहुणे वगैरे कुणी नव्हतं. फोन स्पीकरवर होता.

"असू दे गं," सिस्टर म्हणाल्या. "पुढच्या रविवारी जेवायला यायचंच आहे ना?"

तृप्तीनं माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली. नाही म्हणायला सुद्धा हिंमत लागते.

"हो हो, एक वाजता," ती म्हणाली.

"मी ओल्या नारळाच्या करंज्या आणते. मंगलला फार आवडायच्या. ह्या वेळी तिला थोडा वेळ जागं ठेवा, एवढंच. पाच मिनिटं."

"बघू या, सिस्टर."

फोन ठेवल्यावर आमचा जीव भांड्यात पडला. एक आठवडा तर टळला. त्या आठवड्यात आम्ही नवराबायको काय बोललो? की जेवणाला कोण कुठे बसेल. आईचं दार लावायचं की पडदा पुरे. पाच मिनिटं द्यायची की नाहीत. कोंबडी करायची की मटण, हेही ठरलं. सिस्टर त्या आठवड्यात काय करत होत्या, ते मला नंतर कळलं. नारळ खवत होत्या.

चौथ्या रविवारी सकाळी सहाला तृप्ती आईला तोंड धुवायला उठवायला गेली आणि तिथूनच तिनं मला हाक मारली. आई झोपेतच गेली होती. तोंड दाराकडे होतं.

डॉक्टर आले, कागद देऊन गेले. पाळकसाहेबांना फोन केला तर त्यांनी दोन वाक्यं सांत्वनाची बोलून लगेच विचारलं, "सिस्टरांना कळवलंत ना?" शेजारच्या लताबाई आल्या, त्यांनीही तेच विचारलं. किशोर आला, त्यानंही. त्या सकाळी आमच्या अख्ख्या मंडळीला आशा सिस्टर हव्या होत्या.

मी फोन लावला. पहिल्याच रिंगला उचलला.

"ज्ञानेश? बरं झालं फोन केलास. एक वाजताच ना? की थोडं आधी येऊ, तृप्तीला हाताखाली?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"हॅलो? ऐकू येतंय का?"

"सिस्टर," मी म्हणालो, "आई गेली."

त्या नर्सच्या आवाजात म्हणाल्या, "गरम पाणी ठेव. दोन बादल्या. स्वच्छ चादर काढून ठेव. मी आलेच."

तासाभरात आल्या. पांढरी सुती साडी, एका हातात ती कापडी पिशवी, दुसऱ्या हातात एक मोठी वायरची पिशवी. ती त्यांनी हॉलमध्ये मेणबत्त्यांच्या ताटाशेजारी ठेवली. तीन मेणबत्त्या कमीजास्त जळलेल्या होत्या, चौथी कोरी.

"या ना सिस्टर, आत या," तृप्ती म्हणाली आणि मग तिचं तिलाच ऐकू आलं असावं. तोंडाला पदर लावून ती बाजूला झाली. आईच्या खोलीचं दार सताड उघडं होतं. सिस्टर सरळ आत गेल्या. त्या दारातून आत जायला त्यांना आम्ही दोन आठवडे अडवलं होतं.

तृप्ती मदतीला आत गेली होती, पण तिला ते बघवलं नाही, रडत बाहेर आली. दुसरी बादली घेऊन मीच गेलो. दार नुसतं टेकलेलं होतं. आतून पाण्याचा आवाज येत होता आणि सिस्टरांचा. आधी वाटलं, प्रार्थना म्हणताहेत.

"...हात किती वाळलाय गं तुझा. बघू, इकडे कर. हं. आणि मंगल, ऐक. त्या रविवारी मीच आले होते. पोस्टमन नव्हता. मी बाहेरच बसले होते, तुझ्या दारापासून ह्या कपाटाएवढ्या अंतरावर. तू विचारलंस ते मला ऐकू आलं. मी ओ द्यायला पाहिजे होती. मला वाटलं, पोराचं घर आहे, कशाला तोंडघशी पाडा. चुकलं माझं. तू म्हणाली असशील, आशा आली नाही. आले होते गं."

बादली माझ्या हातात होती, पाणी हिंदकळून पायावर सांडलं. सिस्टरांनी वळून पाहिलं. आईचं डोकं त्यांच्या मांडीवर होतं, ओले केस विंचरून झाले होते.

"सिस्टर, मला..."

"बादली तिथं ठेव," त्या म्हणाल्या. "आणि दार लावून घे. तुम्हाला जमतं ते."

आई पेटीत इतकी शांत दिसत होती की लोक म्हणाले, झोपल्यासारख्याच वाटतात. सिस्टरांनी हात धुतले, पिशवी आवरली. तृप्तीनं चहा आणला, हॉलमधली मधली खुर्ची ओढली. "इथं बसा, सिस्टर." सिस्टरांनी कप घेतला आणि नेहमीसारख्या ओट्यावर जाऊन बसल्या. चहा झाल्यावर बाहेरच्या नळावर कप स्वतः विसळला आणि कठड्यावर पालथा घातला.

मी जवळ गेलो. "सिस्टर, दफन चारला आहे. तोवर थांबा. काहीतरी खाऊन घ्या."

"नको रे. मी कबरस्तानात येईन," त्या म्हणाल्या. "तुमच्याकडचं आवतण एक वाजताचं होतं." घड्याळात साडेअकरा झाले होते. मातीच्या ढिगाऱ्यांतून साडी सावरत त्या कोपऱ्यापर्यंत चालत गेल्या.

दुपारी ग्रुपवर पाळकसाहेबांचा मेसेज होता: सर्व कुटुंबांनी चौथ्या रविवारचे फोटो पाठवावेत. त्याच्याच खाली आईच्या दफनाची वेळ.

संध्याकाळी सगळे गेल्यावर तृप्तीनं ती वायरची पिशवी उघडली. मोठ्या डब्यात करंज्या होत्या, कागदाच्या घड्यांमध्ये नीट रचलेल्या. त्याच्याखाली एक लहान स्टीलची डबी. तिच्यात करंजी नव्हती. नुसतं ओल्या नारळाचं सारण होतं, दुधात शिजवून बारीक घोटलेलं, बोटानं चाटता येईल असं. अंग गेलेल्या माणसाला पारी चावता येत नाही, हे सिस्टरांना कुणी सांगायला नको होतं.

डबीच्या झाकणावर औषधाच्या बाटलीवर लावतात तशी चिकटपट्टी होती. तिच्यावर निळ्या पेनानं लिहिलं होतं: मंगल. दोन चमचे. आधी बसवून मगच.