दहापैकी नऊ

नवं मशीन आलं की आमच्या डोळ्यांच्या दवाखान्यात रीतच आहे, पहिले बळी घरचे. पेशंटला हात लावण्याआधी आपापली माणसं खुर्चीत बसवून हात साफ करायचा. शिपाईकाकांनी मेव्हण्याला आणलं, रिसेप्शनवालीने नवऱ्याला. मी आईला आणलं.

"टोचायचं नाही हां," आईने दारातच बजावलं.

"नाही गं. सुई नाही, रंगाचं इंजेक्शन नाही, काही नाही. हनुवटी टेकवायची आणि आतल्या हिरव्या फुलीकडे बघायचं. डोळ्यामागच्या पडद्यात जिथे रक्त वाहतंय तिथे पांढरी रेघ उमटते. नाही वाहत तिथे काळं."

"आणि सुईला मी घाबरते होय?"

तेही खरंच. आई रफू करते. जळका कोट तिच्याकडे टाकावा आणि परत मिळाल्यावर भोक कुठे होतं ते मालकाने शोधत बसावं. बाबा गेल्यावर त्या सुईवरच आमचं घर चाललं. साखर आहे तिला, पण ताब्यात आहे म्हणते, आणि तिच्याशी वाद घालणं म्हणजे भिंतीवर डोकं आपटणं.

कंपनीचा इंजिनिअर हाताची घडी घालून माझ्या मागे उभा होता. आईने त्याला वाकून बघितलं आणि एकदम शहाण्या मुलीसारखी ताठ बसली.

उजवा डोळा आधी. बारीक जाळी उमटली, छान. मधोमध टाचणीच्या डोक्याएवढी काळी जागा सगळ्यांनाच असते. हिची जरा मोठी होती, कडा उसवलेल्या. पापणी हलली असेल, म्हटलं. मग डावा घेतला, तर मधली जाळी गायबच. नुसतं काळं.

"आई, हलू नकोस."

"नाही हलले."

"फुली दिसतेय ना?"

"दिसतेय की."

परत घेतला. काळं. भिंग पुसलं, खुर्ची वर केली, आईला चांगलं झापलं, परत काळं. शेवटी इंजिनिअरलाच म्हटलं, तुमचं मशीन बिघडलंय. नाचता येईना अंगण वाकडं, असं मनात म्हणाला असणार, पण बिचारा गुपचूप स्वतः खुर्चीत बसला. त्याची जाळी छापल्यासारखी आली.

मग त्याने आईचा फोटो पुन्हा उघडला आणि कोपऱ्यातल्या आकड्यावर बोट ठेवलं. मशीन स्वतःच्या फोटोला मार्क देतं. डोळा हलला, पापणी मिटली की मार्क घसरतात आणि तो फोटो टाकून द्यायचा असतो. आईच्या डाव्या डोळ्याला दहापैकी नऊ होते. मी उजव्याचा उघडला. त्यालाही नऊ. म्हणजे पापणी हलली नव्हती.

"मी जरा चहा घेऊन येतो," इंजिनिअर म्हणाला आणि गेला.

मी आईला परत डाव्या डोळ्याने बसवलं आणि आतली फुली बंद करून टाकली.

"आता दिसतेय?"

"दिसतेय की. हिरवीगार."

"आई, फुली मी बंद केलीय."

ती हनुवटी टेकवूनच हळू आवाजात म्हणाली, "तुझे साहेब उभे होते ना मागे. म्हटलं, माझ्यापायी तुझं काम बिघडायला नको. उजव्याने बघितलं तेव्हा कुठे होती ते लक्षात ठेवलं होतं."

"कधीपासून दिसत नाही?"

"असेल झालं थोडं. उजव्यावर भागतंय माझं."

सूज असती तर इंजेक्शन आहे. रक्त गळत असतं तर लेझर आहे. आटलेल्या नसांना काही नाही. हे मी रोज बघते, म्हणून मला माहीत आहे, आणि पेशंटला सांगायचं काम माझं नाही. डॉक्टर आत ऑपरेशनमध्ये होते. इतकं हतबल मला बाबांच्या वेळीही वाटलं नव्हतं.

"ठमे, फोटो तरी नीट आला का?"

"आला. दहापैकी नऊ."

"आणि उजव्याचा?"

त्या उसवलेल्या कडा समोरच होत्या.

"उजव्यालाही नऊच."

"बघ. शाळेत कधी मिळाले नव्हते मला एवढे." आई हसली. "दोन्ही छापून दे. शेजारणीला दाखवते."

मी छापून दिले.