पाहुण्यांचा बँड

नाताळ होऊन गेला होता, घरोघरच्या झाडांवरचे दिवे अजून उतरले नव्हते, आणि बेलफोर्टमध्ये ज्याच्या त्याच्या तोंडी सात्सुमा बोलचा, तिथल्या संत्र्यांच्या नावाने भरणाऱ्या सामन्याचा, विषय होता. कॉलेजांच्या अमेरिकन फुटबॉलचा हंगाम संपला की बऱ्या ठरलेल्या संघांना असल्या एकेका बोल सामन्याचं आमंत्रण जातं. यंदा आपल्या गावच्या बोलला आपल्याच टेन्सॉ स्टेटला बोलावणं आलं, म्हणून अलाबामाच्या किनाऱ्यावरचं ते सारं गाव फुलून गेलं होतं. समोर होता आयर्न रेंज, पार वरच्या मिनेसोटातला. तिकडे म्हणे लोक गोठलेल्या तळ्यांवरून गाड्या हाकतात.

मिस व्हर्डेल पेटवे यांनी या सामन्यासाठी खास लालभडक टोपी घेतली होती. त्यांचा भाचा जेरिको टेन्सॉचा किकर होता. लाथेने चेंडू उडवून दोन उंच खांबांमधून घालवायचा, एवढंच त्याचं काम. पण सामना अटीतटीला आला की सगळ्या गावाचा जीव त्याच्या एका पायात जाऊन बसायचा.

सामन्याच्या आदल्या दिवशी त्या सकाळची कॉफी घेत होत्या, तेवढ्यात फोन वाजला. बोल समितीचा केल्विन ब्रूसार्ड होता.

"मिस व्हर्डेल, मोठा घोळ झालाय."

"तुझ्या आवाजावरूनच कळलं. शाळेत क्लॅरिनेट बसमध्ये विसरून आलास की अस्साच बोलायचास."

बेलफोर्टच्या शाळेत मिस व्हर्डेलनी उभी हयात बँड शिकवला होता. गावातल्या निम्म्या लोकांना त्यांनी कधी ना कधी सूर चुकला म्हणून कोपऱ्यात उभं केलेलं होतं.

"आयर्न रेंजचा संघ कधीच पोचलाय," केल्विन म्हणाला, "पण त्यांचा बँड हिमवादळात अडकला. विमानं बंद, रस्ते बंद. आता बँडशिवाय बोल म्हणजे..."

"नवऱ्याशिवाय वरात. पुढे बोल."

"तुमची जुनी मुलं जमवाल का? त्यांनी गुण मिळवले की त्यांचं संघगीत वाजवायचं, बाकी काही नाही."

"माझा भाचा समोरच्या संघात आहे, हे ठाऊक आहे ना तुला?"

"ठाऊक आहे म्हणून तर पहाटेपासून नुसता फोन धरून बसलोय," केल्विन पडेल आवाजात म्हणाला.

मिस व्हर्डेलनी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. आधी जेरिकोला फोन लावला. तो संघाबरोबर हॉटेलात होता आणि मागे पोरांचा कल्ला चालला होता.

"आत्या, वाजव की!" तो म्हणाला. "दारी आलेल्या पाहुण्याला तू कधी उपाशी पाठवलंयस? मग बिनगाण्याचा कशाला पाठवतेस? आणि त्यांचे गुण तरी असे किती होणार! एकदा वाजवाल आणि मग बसाल संत्री सोलत."

जेरिकोचा बाप ल्यूशियस, म्हणजे त्यांचा धाकटा भाऊ, मात्र ऐकून भडकलाच.

"ताई, तू शत्रूच्या गोटात बसणार? आपल्या घरात फितुरी?"

"अरे, बँड आहे तो. तोफखाना नाही."

"पोराचं लग्न ठरव आणि वाजंत्री वैऱ्याकडून घे, तसलं झालं हे!"

"तू शब्द जुळवत बस. मला माणसं जुळवायची आहेत," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

दुपारी चर्चच्या हॉलमध्ये माणसं जमू लागली. ऑर्विल टिबेटचा अंत्यसंस्कारांचा धंदा. तो आपली ट्युबा शववाहिकेत घालून घेऊन आला, कारण दुसऱ्या कुठल्या गाडीत ती मावतच नव्हती. शाळेची बस चालवणारी लुरीन मोठा ड्रम गळ्यात अडकवून आली. दातांचे डॉक्टर मेझ ट्रॉम्बोन पुसत आत शिरले, तर मिस व्हर्डेलनी त्यांना दारातच अडवलं.

"डॉक्टर, तोंडातलं च्युइंग गम काढा."

डॉक्टर पन्नाशीचे, डोक्यावर चंद्र उगवलेला. पण त्यांनी मुकाट्याने काढलं.

आयर्न रेंजचं गीत कवायतीसारखं ताठ होतं. एक दोन, एक दोन, कुठे वाकणं नाही की मुरडणं नाही. बेलफोर्टची माणसं ते वाजवायला लागली, पण वाजता वाजता त्याची कंबर हलायला लागली.

"मॅडम," लुरीन ओशाळून म्हणाली, "मी सरळच वाजवतेय, पण माझा हात आपोआप लचकतोय."

मिस व्हर्डेलनी डोळे मिटून आणखी एकदा ऐकलं. "लचकू दे," त्या म्हणाल्या. "पाहुणे उकाड्याच्या गावात आलेत, त्यांचं गाणंही जरा कोट काढून बसू दे."

दुसऱ्या दिवशी ऊन लख्ख पडलं होतं. मैदानाची तिन्ही अंगं टेन्सॉच्या लाल रंगाने भरली होती. चौथ्या अंगाला एका कोपऱ्यात आयर्न रेंजचे हिरव्या टोप्यांचे मूठभर लोक बसले होते. बहुतेक सगळे वयस्क, जाड कोट काढून मांडीवर घेतलेले, नाकं उन्हाने लाल झालेली. त्यांच्या शेजारी मिस व्हर्डेलचा बँड. लाल टोपी त्यांनी पिशवीत कोंबून ठेवली होती.

सामना सुरू होऊन थोडा वेळ झाला नाही तोच आयर्न रेंजच्या पोराने चेंडू पोटाशी धरून थेट रेषेपार धाव घेतली. मिस व्हर्डेलनी हात उचलले. ट्युबा घुमली, ड्रम लचकला. पाहुणे उभे राहिले खरे, पण एकमेकांकडे बघतच राहिले. हे आपलंच गाणं, पण हे असं? मग पहिल्या रांगेतल्या एका उंच म्हाताऱ्या बाईंचा खांदा हलला. नाव इंग्रिड होल्म, आयुष्य ग्रंथपालकीत गेलेलं. खांद्यामागून कंबर हलली. दुसऱ्या वेळी गुण झाले तेव्हा इंग्रिडबाई हातरुमाल उडवत पायऱ्यांवर नाचत होत्या आणि त्यांच्यामागे सगळा कोपरा माळेसारखा ओवला गेला होता.

मैदानापलीकडे ल्यूशियस हाताची घडी घालून बसला होता. आजूबाजूचे त्याला सोडतात थोडेच!

"पेटवे, तुझी बहीण तिकडे नांदायला गेली रे!"

"आहेर तरी काय केलास?"

"बडवा, बडवा," ल्यूशियस पुटपुटायचा. पण पाय त्याचाही ताल धरायला लागला होता. लक्षात आलं की तो दुसऱ्या पायाने तो दाबून धरायचा.

इकडे मिस व्हर्डेलची पंचाईत वेगळीच होती. जेरिको मैदानात आला की आपण कुठल्या कोपऱ्यात बसलोय तेच त्यांना आठवेना. त्याचा पहिला चेंडू खांबांमधून स्वच्छ गेला आणि त्यांच्या हातून जोरात टाळी वाजली. अख्ख्या हिरव्या कोपऱ्यात तेवढी एकच.

इंग्रिडबाईंनी मान वळवली. "तुम्ही नक्की कुणाच्या?"

"भाचा आहे माझा," मिस व्हर्डेल म्हणाल्या. "लहानपणी माझ्या अंगणात चेंडू मारून माझ्याच खिडक्या फोडायचा."

"अगंबाई! आणि तरी तुम्ही आमच्यासाठी वाजवताय?"

ही बातमी रांगारांगांतून फिरली. जेरिकोचा दुसरा चेंडू खांबांमधून गेला तेव्हा पाहुण्यांनी सभ्यपणे टाळ्या वाजवल्या. तिसऱ्याला तर मागून एक आजोबा ओरडले, "शाब्बास, भाचेबुवा! पण आता पुरे हं!" आणि सगळा कोपरा हसला.

शेवटचे काही क्षण उरले. आयर्न रेंज चोवीस, टेन्सॉ तेवीस. चेंडू टेन्सॉकडे, खांब बऱ्यापैकी लांब, आणि जेरिको पुन्हा मैदानात. चेंडू खांबांमधून गेला की तीन गुण, आणि सामना टेन्सॉचा. ल्यूशियसने तोंडावर टोपी ओढली. मिस व्हर्डेलनी दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले.

जेरिको धावला, लाथ बसली, चांगली बसली. पण त्याच क्षणी समोरच्या रांगेतून ताडमाड उंच पोराचा उजवा हात वर आला, चेंडू त्या बोटांना घासला, कलला आणि खांबांच्या अलीकडेच गवतावर टप्पा खात पडला.

हिरवा कोपरा बेभान झाला. लोक एकमेकांच्या गळ्यात पडले, आणि मग सगळ्यांनी बँडकडे पाहिलं. आता गाणं.

मिस व्हर्डेलचे हात उठेनात. ऑर्विलने ट्युबा ओठांना लावून खाली घेतली. लुरीन नुसती त्यांच्याकडे बघत होती. मैदानाच्या मध्यावर जेरिको गुडघ्यांवर बसला होता, डोकं खाली. इंग्रिडबाईंनी हळूच मिस व्हर्डेलच्या पाठीवर हात ठेवला. "राहू दे," त्या म्हणाल्या. "खूप वाजवलंत."

जेरिकोने मान वर केली. जल्लोष चाललाय आणि गाणं का नाही, हे त्याला कळायला वेळ लागला नाही. त्याने त्या कोपऱ्याकडे पाहिलं, शिरस्त्राण काढून काखेत धरलं, आणि उजवा हात उंच करून हवेत ठोके दिले. एक, दोन. एक, दोन. आत्याची ती लकब बेलफोर्टमधल्या कुणालाही ओळखू आली असती.

मिस व्हर्डेल उभ्या राहिल्या आणि त्यांनी हात उचलले. इतकं झोकात ते गाणं त्यांनी दोन दिवसांत एकदाही वाजवलं नव्हतं. डोळ्यांतून पाणी ओघळत होतं, पण ताल तसूभरही हलला नाही.

संध्याकाळी ल्यूशियसच्या घरी कोळंबी-भेंडीच्या रश्श्याचं, गंबोचं, भलंमोठं पातेलं चुलीवर होतं. जिंकलो तर आनंदाचं, हरलो तर दुःखाचं, पण जेवण व्हायचंच होतं. ल्यूशियस ताईशी बोलत नव्हता. तिच्या ताटलीत भात मात्र दुप्पट वाढला होता.

दार वाजलं. जेरिको आत आला, आणि त्याच्यामागे चौकटीत वाकून आणखी एक जण. पिवळे केस, उन्हाने टोमॅटो झालेला चेहरा.

"बाबा, हा गुनार. याने गंबो कधी खाल्ला नाहीये. म्हटलं, चल."

सगळ्यांनी वळून पाहिलं. हा तोच हात वर करणारा पोरगा. गुनार दारातच अवघडून उभा राहिला. ल्यूशियस उठला, चष्मा लावला आणि त्याच्यासमोर गेला.

"हात बघू."

गुनारने हात पुढे केला. ल्यूशियसने तो उलटापालटा करून पाहिला. सुपाएवढा पंजा होता.

"हा हात नव्हे, हे कुंपण आहे कुंपण!" ल्यूशियस वळून सगळ्यांना म्हणाला. "ताई, बघ तरी. माझ्या पोराचा काही दोष नाही. याच्यावरून विमानसुद्धा गेलं नसतं!"

जेरिको खो खो हसत सुटला, दिवसभरात पहिल्यांदाच. मिस व्हर्डेलनी खुर्ची सरकवून गुनारला जागा केली. त्याने पहिला घास घेतला, डोळ्यांत टचकन पाणी आलं, कान लाल झाले.

"तिखट लागलं?" त्यांनी विचारलं.

"नाही, मिस व्हर्डेल," गुनार नाक ओढत म्हणाला आणि त्याने वाडगा पुन्हा पुढे केला. "अजून आहे का?"

ल्यूशियस डाव घेऊन त्याच्या मागे उभाच होता. "आहे रे बाबा," तो म्हणाला, "पण वाडगा त्या डाव्या हातात धर. उजव्याची आम्हाला अजून भीती वाटते."