वाचनाची नोंद

"वहिनींनी कोणतं पुस्तक नेलंय?" काउंटरवर दोन्ही हात टेकून त्या माणसानं विचारलं.

"कोण वहिनी?"

"आशाबाई. सिल्लोडच्या. मी त्यांचा दीर, आप्पासाहेब."

श्रीनिवासचा चेहरा खुलला. औरंगाबादच्या या ग्रंथालयात त्याची बावीस वर्षं गेली होती. मुक्त विद्यापीठाची मंडळी रविवारी एसटीनं यायची, गाइड मागायची, निघून जायची. आशाबाई वेगळी. नवरा गेल्यावर बी.ए.ला बसलेली ही बाई पहिल्या दिवशी कार्डांच्या कपाटासमोर बावरून उभी होती. विषयावरून कार्डं कशी चाळायची, ते त्यानंच शिकवलं. आता ती स्वतः खण ओढायची, क्रमांक टिपायची, एका पुस्तकावरून दुसऱ्याचा माग काढायची.

"फार हुशार आहेत," म्हणत त्यानं कौतुकानं नोंदवही आप्पासाहेबाकडे फिरवली. "हे बघा. वारसा कायदा. शेतजमिनीची वाटणी. विधवेचे हक्क."

आप्पासाहेबाचं बोट एकेका ओळीवरून सावकाश फिरलं.

"ह्ये समदं परीक्षेला असतं व्हय?"

श्रीनिवासनं नोंदवही मिटली. आशाबाईचे विषय मराठी आणि इतिहास होते.

"असेल... प्रकल्पासाठी."

"असंल, असंल." आप्पासाहेब हसला. "लई उपकार झाले, साहेब."

पुढच्या रविवारी ती आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. श्रीनिवासनं पत्र लिहायला घेतलं. पण त्या घरात ते आधी कोणाच्या हाती पडेल, हे लक्षात येताच फाडून टाकलं.

तिसऱ्या रविवारी ती आली. उजवा हात प्लास्टरमध्ये, गळ्यात अडकवलेला. मागं आप्पासाहेब.

"पायरीवरून पडल्या," कुणी न विचारताच तो म्हणाला. "नाव कमी करा यांचं. शिक्षण बास झालं."

"बाई, तुमचीही तीच इच्छा आहे?" श्रीनिवासनं विचारलं.

तिनं त्याच्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं.

"फॉर्म द्या, सर."

आप्पासाहेबानं टेबलावरचं शाईचं पॅड पुढं ओढलं. "अंगठा चालंल ना? परवा जमिनीच्या रजिस्ट्रीलाबी अंगठाच दिला त्यांनी."

आशाबाईनं पॅड बाजूला सारलं. डाव्या हातात पेन धरलं आणि लिहू लागली. अक्षरं कलंडत होती, रेघेखाली घसरत होती.

"चला वहिनी, गाडी निघंल."

तिनं मान वर केली नाही. स्वतःचं नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव. एकही काना-मात्रा न गाळता ती लिहीत राहिली. कागद सरकू नये म्हणून श्रीनिवासनं त्याचं टोक दाबून धरलं.