मेजर सेव्हन्थवरचा शेवट

पियानोवर बी आणि त्याच्या वरचा सी या दोन पांढऱ्या पट्ट्यांमध्ये काळी पट्टी नसते. दोघी खेटून असतात. एकदम दाबल्या तर सूर एकमेकांना घासतात, दाताखाली खडा यावा तसे. मेजर सेव्हन्थ कॉर्डमध्ये सी तळाला असतो, मग ई, जी आणि सगळ्यात वर बी. एवढं अंतर मिळालं की तोच बी गोड वाटतो.

दादाच्या धाकट्या बहिणीनं स्वतः बांधलेलं पहिलं गाणं याच कॉर्डवर संपवलं होतं. शेवटचा शब्द बीवर थांबायचा. दारापर्यंत येऊन आत न गेलेल्या माणसासारखा.

हॉटेलच्या रिकाम्या हॉलमध्ये तालीम चालली होती. ती पियानोवर होती, दादा गात होता. दादा शेवटच्या ओळीला आला, बीवर जेमतेम टेकला आणि सवयीनं वर सरकून मूळ सुरावर, सीवर, जाऊन बसला. हात पसरून. पियानोतला बी त्याला कचकन घासला.

"छोटे! पुन्हा चुकलीस!"

"मी नाही. तू वर गेलास."

"गाणं सीवर संपतं. शेंबड्या पोरालाही कळतं."

"बाकीची संपत असतील. हे माझं आहे."

"ऐकलंस?" दादा ड्रमवाल्याकडे वळला. "चार ओळी खरडल्या नाहीत तोच बाईसाहेब मालकीण!"

"मला मध्ये ओढू नका," ड्रमवाला म्हणाला. "माझ्याकडे सूरच नाहीत."

"बी सोड, त्याच्या खालचा ए घे," दादा तिला म्हणाला. "नेहमी गुपचूप घेतेस तसा."

तिचे कान तापले. इतकी वर्षं इतर गाण्यांत तो असा वर सरकला की ती बी सोडून ए दाबायची. घासणं मिटायचं आणि लोक दादाच्या कानाचं कौतुक करायचे. तिला वाटायचं, बिचाऱ्याला कळतच नाही. त्याला सगळं कळत होतं. जाणूनबुजून तो चारचौघांत तिलाच चुकलेली ठरवत होता.

"चल, पुन्हा."

तिनं वाजवलं. तो सीवर गेला. तिनं बी सोडला नाही, उलट आणखी जोरात दाबला. हॉलभर कर्कश सूर घुमला.

"बोट उचल!"

"नाही."

"तमाशा नको, छोटे. उद्या लोक येणार आहेत."

भावंडं वेगळी झाली तर आईला वाईट वाटेल म्हणून जे कितीदा ओठांवर येऊन परत गेलं होतं, ते आता अडलं नाही.

"येऊ देत. माझं गाणं मी गाईन. आणि दादा, यापुढे मी तुझ्यामागे वाजवणार नाही."